पाच नंबरचा सेन्सर

फिटरला सगळे अतिशहाणा म्हणायचे, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. विजेची तार जिथे संपते त्याच्याही पलीकडे त्याने घर बांधलं आणि घराखाली दोन पुरुष खोल खड्डा खणून त्यात वाळू भरली. छपरावर तापलेली हवा उन्हाळाभर सौरबॅटरीवरच्या पंख्याने पाइपांतून खाली ढकलायची, वाळू तापवून ठेवायची आणि हिवाळ्यात तीच ऊब खोलीत ओढून घ्यायची, असा बेत. सासऱ्यांनी विचारलं, की चारचौघांसारखं वीज असलेल्या घरात राहायला काय धाड भरली होती? त्याने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

वाळूत तापमान मोजणारे नऊ सेन्सर पुरायचे होते. ते तपासायची त्याची पद्धत घरगुती होती. सेन्सर काखेत धरायचा, आकडे दाखवणाऱ्या पेटीवर छत्तीस-सदतीस आला की माल चांगला. आठ झाले. पाच नंबरचा राहिला तेव्हा बायको जवळच उभी होती. तिला तिसरा महिना लागला होता. त्याने थट्टेत तो तिच्या पोटावर टेकवला. सदतीस.

"पास झालं गं तुझं लेकरू," तो म्हणाला. दोघं हसली, आणि त्याने तो सेन्सर खड्ड्याच्या मधोमध पुरून टाकला.

उन्हाळाभर बाकीचे आठ आकडे चढत चढत पंचावन्नावर गेले. पाच मात्र सदतीसवरच. त्याने वायर बदलली, पेटी बदलली, तरी सदतीस. शेवटी त्या सेन्सरजवळून जाणाऱ्या मधल्या पाइपाचा व्हॉल्व्हच त्याने बंद केला. ज्याचं माप कळत नाही त्यातून हवा सोडायची नाही, हा त्याचा शिरस्ता होता.

मुलगी वेळेआधीच झाली, इवलीशी. खोली पंचविसाच्या खाली जाता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दोन महिने वाळूने निभावून नेलं. मग बर्फाने रस्ता बंद झाला आणि थंडीने असा जोर धरला की आठही आकडे विसावर आले. खोली एकोणीस. पाच नंबर सदतीस.

सेन्सर बिघडलेला असला तरी दुसरा उपाय नव्हता. त्याने मधला व्हॉल्व्ह उघडला.

पाच मिनिटांत खोलीत ऊब आली. वाळूची कोरडी ऊब नव्हती ती. दमट होती, आणि तिला दुधाचा वास होता. फिटरने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुपारपर्यंत खोली सव्वीसवर गेली. पाच नंबर मात्र छत्तीसवर आला, मग पस्तीसवर. तेवढ्यात बायकोने विचारलं, की एवढ्या उबेत ही गार का लागतेय? त्याने मुलीच्या काखेत थर्मामीटर लावला. पस्तीस. पेटीवरही पस्तीस. बघता बघता दोन्हीकडचा आकडा एकदमच खाली सरकला.

धडपडत जाऊन त्याने व्हॉल्व्ह बंद केला. आकडा थांबला, पण वर चढेना. मुलगी रडतही नव्हती. जे ओढून घेतलं ते परत द्यायला हवं, एवढंच त्याला सुचलं. त्याने व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि पंखा उन्हाळ्यासारखा उलटा फिरवला. खोलीतली ऊब खाली जाऊ लागली.

खोली वीस झाली, बारा झाली. तोंडातून वाफा निघू लागल्या. पेटीवर छत्तीस आले आणि मुलगी बारीक आवाजात रडली. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सदतीस झाल्यावर त्याने पंखा थांबवला, तर आकडा लगेच उतरू लागला. आता व्हॉल्व्ह बंद करूनही थांबेना. पंखा चालू केला तसा थांबला.

"उन्हाळ्याला अजून तीन महिने आहेत," तो म्हणाला. "आणि खोलीत खाली पाठवायला काही उरलं नाही."

बायकोने मुलीला त्याच्या हातात दिलं, अंगावरची शाल काढून ठेवली आणि खोलीतली हवा खाली ओढणाऱ्या जाळीला पाठ लावून बसली.

"आपण आहोत ना," ती म्हणाली. "आधी मी बसते. मी गार पडले की तुम्ही बसा."