बहात्तरवरचा काटा

फिलिसचं पत्र ऑक्टोबरात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. फिलिस माझ्या बायकोची, आर्डिसची, धाकटी बहीण, उबदार ॲरिझोनात राहते. 'या हिवाळ्यात एकटे राहू नका, इकडे या. खोली रिकामीच आहे,' एवढंच तिनं लिहिलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं लावली. स्वतःची दोन वाक्यं लावायची म्हटली की हात थांबतो. येतो म्हणावं, तर घर सोडावं लागणार. नको म्हणावं, तर कारण सांगावं लागणार.

डिसेंबरात शेजारचा ड्वेन आला. दारातच त्यानं टोपी काढली, कोट काढला, मग स्वेटरही काढला.

"ऑरिन, अरे घर आहे की भट्टी? किती ठेवलंयस?"

"बहात्तर."

"तू? आर्डिसच्या मागे मागे फिरून काटा खाली करणारा तू?"

खरं होतं. ती घरातल्या बोळातल्या, ऊब ठरवणाऱ्या गोल थर्मोस्टॅटचा काटा बहात्तर फॅरनहाइटवर न्यायची, मी पासष्टवर आणायचो. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसू. मार्चमध्ये दवाखान्यात निघताना, कोट घालता घालता, तिनं तो बहात्तरवर नेला. परत आलो तो मी एकटाच. तेव्हापासून मी त्याला हात लावला नव्हता.

"फिलिसकडे जाणार असशील," ड्वेन म्हणाला, "तर पंचावन्नवर ठेव. तळघरातला पाण्याचा मुख्य कॉक बंद कर, सिंकखालची दारं उघडी टाक, म्हणजे नळ गोठणार नाहीत. आणि खिडकीत एक इशाऱ्याचा दिवा ठेव. घर गोठायला लागलं की आपोआप पेटतो. मी येता-जाता बघेन."

"बहात्तरवरच ठेवून गेलो तर?"

"कुणासाठी? उंदरांसाठी?"

मी बोळाकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं असावं. तो आपल्या मोज्यांकडे बघत राहिला.

"पलीकडच्या हॅरल्डनं तर जाताना हीटर सगळाच बंद केला होता," तो म्हणाला. "परत येऊन बघतो तर नळ फुटून पाणी गोठलेलं, दिवाणखान्यात स्केटिंग करता आलं असतं. पंचावन्नला घर टिकतं, ऑरिन. तेवढंच."

तो गेल्यावर मी बोळात उभा राहिलो. काहीतरी वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. काटा पंचावन्नवर आणला. तळघरातल्या हीटरची घरघर थांबली. मी खुर्चीत येऊन बसलो आणि सवयीनं, मागे तिची पावलं वाजायची वाट पाहिली.

घर हळूहळू गार होत गेलं. संध्याकाळी मी कोट चढवला आणि लिहायला बसलो. 'प्रिय फिलिस, उशिराबद्दल माफ कर. नाताळनंतर येतो. हल्ली थंडी सहन होत नाही.' शेवटचं वाक्य खरं नव्हतं. ते आर्डिस म्हणायची. मी ते खोडलं नाही.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीचं झाकण बर्फानं धरलं होतं. दोनदा ओढावं लागलं. पाकीट आत पडलं.