कौसाबाईला ठसका लागत नाही

मित्रांनो, मी लोखंडी कढई आहे, जुनी आणि बुडाशी पार काळी. सारंगखेड्याच्या जत्रेत छगन पाटलांनी मला टिचकी मारून निवडलं आणि ब्राह्मणपुरीला आपल्या नव्या नवरीच्या, म्हणजे कौसाबाईच्या, हवाली केलं. पाटलांना जाऊन बारा वर्षं झाली. मी मात्र आहे. लोखंडाला मरण लवकर येत नाही, हाच काय तो माझा मोठेपणा!

माझं खरं काम वर्षातून एकदाच, पण मानाचं. फाल्गुनात मिरच्या वाळल्या की गल्लीतल्या बायका आपापल्या मिरच्या, धणे, खोबरं घेऊन आमच्या अंगणात यायच्या. मसाला भाजायचा तर कौसाबाईनेच! ती घड्याळाकडे कधी बघायची नाही. माझ्याजवळ कान नेऊन बसायची. “धना तडतडना का उतारी ल्या, मंग एक घडी बी नको,” असं बजावायची. खोबरं रंगावर उतरवायची, मिरची वासावर. रिखबचंद शेठच्या दुकानात डबाबंद मसाल्याची रांग लागलेली असते, पण त्यांची बायको नोजीबाई स्वतःच्या घरासाठी मसाला आमच्याकडेच भाजून न्यायची. आता बोला!

मग कौसाबाईचा कान गेला. म्हणजे एकदम नाही गेला. एका साली धणे जरा जास्त भाजले गेले, पुढच्या साली आणखी. मुलगा भरत याने शहाद्याहून कानाचं यंत्र आणलं. ते शिट्टी वाजवायचं. आठ दिवसांनी ते फडताळात गेलं आणि तिथेच राहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तर भरत म्हणाला, “पिकू दे, पपई उतरनी का जाऊत.” पपईमागे ऊस आला, उसामागे केळी. मोतीबिंदू पिकतच राहिला. कसला राग येतो मला या घराचा! ट्रॅक्टर नुसता खोकला तरी हे लोक त्याच दिवशी मिस्त्री गाठतात.

नाक आणि जीभ गेली ते तर कोणाच्या लक्षातही आलं नाही. कौसाबाई भाजीत दुसऱ्यांदा मीठ टाकायची, कारण पहिलं तिला लागायचंच नाही. उतू गेलेल्या दुधाचा वास घरभर सुटायचा आणि ती शेजारीच बसून वाती वळत असायची. काही विचारलं तर भलतंच उत्तर द्यायची. ऐकूच येत नाही, तर काय करील बिचारी? चुकलं हे कळू नये म्हणून ती नुसती मान हलवायला शिकली. मग एक दिवस भरत बायकोला, रूपालीला, म्हणाला, “मायनं डोकं आते चालत नही.” आणि झालं! घराने तेच धरून ठेवलं.

मला ठाऊक होतं की डोकं शाबूत आहे. मला घासताना ती सगळ्या घरांच्या मसाल्याची मापं पुटपुटायची, एकही चुकायची नाही. पण कढईचं कोण ऐकतं?

गेल्या फाल्गुनात बायका जमल्या. मिरची माझ्यात पडली, परतली गेली आणि करपू लागली. धूर असा उठला की अख्खी गल्ली ठसकू लागली. पोरं पळाली, रूपालीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कौसाबाई मात्र स्वस्थ बसून उलथनं फिरवत होती. “काय व्हयनं? काबरं खोकली ऱ्हायनात तुम्हीन?” ती विचारत होती. तिचा डावा हात माझ्या तापलेल्या कडीवर होता. मी तिला भाजत होते आणि हाताची जाणीवही गेल्याने तिला पत्ता नव्हता. मला हात झटकता आला असता तर!

रूपालीने तिला ओढून बाजूला केलं. तळहाताला टरारून फोड आला होता. त्या दिवसापासून चूल बंद, चाकू बंद, गॅसच्या खोलीत जाणंही बंद. कौसाबाई ओसरीवर बसू लागली. बोलणंही तिने हळूहळू सोडून दिलं.

दिवाळीनंतर नोजीबाई भेटायला आली. तिचे आता गुडघे गेलेले, तरी आली. ती अगदी समोर, तोंडासमोर तोंड करून बसली आणि कानात मोठ्याने विचारलं, “म्हारा मसाला रो माप बोल, कौसा.”

“पाच किलो मिरचीले दोन किलो धना,” कौसाबाई म्हणाली आणि लवंगेपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. वर म्हणाली, “एक साल तू लवंगा दुप्पट टाक्यात. शेठनी तीन दिन दहीच खादं!”

दारात उभी असलेली रूपाली ऐकत होती. तिने तोंडाला पदर लावला. दुसऱ्याच दिवशी भरत आणि रूपाली कौसाबाईला घेऊन शहाद्याला गेले. एका डोळ्याचं काम झालं, दुसऱ्याला फार उशीर झाला होता. कानाला नवं यंत्र बसलं. नाक आणि जीभ यांना यंत्र नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

यंदा मसाला रूपालीने भाजला. कौसाबाई जवळ पाटावर होती. रूपालीने चिमूटभर तिच्या हातावर ठेवला. तिने जिभेला लावला. पूर्वी तिने मान हलवली असती.

“माले समजत नही वं,” ती म्हणाली. “तूच सांग, कसा व्हयना?”

रूपालीला खोटं बोलवेना. “जराखा करपना, माय.”

“आसू दे. माले आते सर्वा सारखाच.”

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस भाजी खारट करत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर ‘डोकं फिरलं’ म्हणून मोकळे होऊ नका. समोर बसा, तोंड दिसेल असं बोला, पुन्हा विचारा. आमच्या कौसाबाईला कोणीतरी जवळ जाऊन नीट विचारायला चार वर्षं लागली, आणि ती चार वर्षं ती एकटीच होती.