शिंपिणीच्या घशातली टाचणी

आम्ही दोघं नवरा-बायको शिंपी. ओठांत टाचण्या धरून बोलायची आम्हाला इतकी सवय, की गिऱ्हाइकाशी भांडतानाही एक टाचणी खाली पडत नाही. माझ्या तर झुपकेदार मिशीखाली त्या कुणाला दिसतही नाहीत. त्या सकाळी मी झग्याचा घेर टाचत होतो, ती बाही. मी काहीतरी फालतू विनोद केला, ती खळखळून हसली आणि मध्येच गप्प झाली. हात गळ्यावर.

"गिळलीस?"

तिनं मानेनंच हो म्हटलं. मी आईला हाक मारली.

आई आतून केळं सोलतच धावत आली. "खा गं पोरी, त्याच्याबरोबर उतरेल खाली."

तोवर मी दवाखान्यात फोन लावला होता. पलीकडची नर्स ओरडलीच, "काही खायला-प्यायला देऊ नका! आणखी रुतेल. घशात बोटं घालू नका. बोलू देऊ नका, ताबडतोब आणा." केळं आईच्या हातातच राहिलं.

टॅक्सीत ती सारखी माझ्याकडे बघून तोंडाकडे बोट न्यायची.

"फार दुखतंय का गं?"

ती मानेनं नाही म्हणायची, कपाळावर हात मारायची आणि पुन्हा तेच बोट. एरवी हिच्या बडबडीनं माझं डोकं उठतं. आता हिचा एक शब्द ऐकायला जीव कासावीस झाला होता.

एक्स-रेत टाचणी लख्ख दिसली, जिभेच्या मुळाशी आडवी रुतलेली. डॉक्टरीणबाईंनी घसा बधिर करायचा फवारा मारला, नळीतून आत पाहिलं आणि लांब चिमट्यानं हलकेच ती बाहेर काढली. सुटलो एकदाचे!

"आता बोला ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता ही रडणार. ती घोगऱ्या आवाजात माझ्यावरच कडाडली, "अहो, मिशीखालची ती टाचणी काढा आधी! मघापासून खुणा करतेय. तुम्हीही गिळली असतीत तर दोघांना कुणी आणलं असतं इथं?"

मी ओठाला हात लावला. होती की तिथंच! डॉक्टरीणबाईंनी हसत हसत ट्रे माझ्यापुढे धरला. मी टाचणी त्यात टाकली आणि बायकोऐवजी मीच ढसाढसा रडलो.