सोसण्याजोगं

"पंखा! पंखा बंद करा आधी!"

चिठ्ठीबाई दारातूनच ओरडल्या, तसे संपादकांनी दचकून बटण दाबले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. टेबलावर ओळीने मांडलेल्या चिठ्ठ्यांपैकी सात-आठ खाली उडाल्या होत्या आणि एक तर थेट कपाटाखाली जाऊन बसली होती. बाई छपन्न वर्षांच्या, गुडघे केव्हाचे कुरकुरायला लागलेले. तरी त्या जमिनीवर बसल्या, फूटपट्टीने ती चिठ्ठी बाहेर ओढली आणि फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली.

"उकडत होतं हो," संपादक ओशाळून म्हणाले.

"उकडू दे की. घाम पुसता येतो. ही चारशे वर्षं पुन्हा लावायला माझा अर्धा दिवस जातो."

चारशे वर्षे हा शब्दशः हिशेब होता. दुसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत एका अवाढव्य इंग्रजी शब्दकोशाचे काम चालले होते. एकेका शब्दाचा आधी काय अर्थ होता, मग काय झाला, आता काय आहे, हे सगळे आपल्या भाषेत सांगायचे. त्यासाठी गावोगावचे हौशी वाचक जुनी पुस्तके वाचत, हवा तो शब्द दिसला की ते वाक्य एका जाड चिठ्ठीवर उतरवून पाठवत. वर शब्द, मध्ये वाक्य, खाली पुस्तकाचे साल, आणि अगदी कोपऱ्यात वाचकाची सही व चिठ्ठी लिहिल्याची तारीख. बाई त्या चिठ्ठ्या पुस्तकाच्या सालाप्रमाणे लावत. कोपऱ्यातल्या तारखेकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

एकतीस वर्षे बाईंनी हेच केले होते. नोकरीला लागल्या तेव्हा कोश दुसऱ्या अक्षरावर होता, आता 'टी' चालू होता. जुने संपादक जाऊन नवे आले, त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. कचेरीचा नियम मात्र बदलला नाही. चिठ्ठीवर असेल तेच खरे, आपल्या मनाने अर्थ घालायचा नाही. हा नियम बाईंच्या इतका हाडीमाशी खिळला होता, की भाजीवाल्याने "ताजी आहे" म्हटले की त्या निमूट पिशवी पुढे करत. नियम कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे कुणी शिकवले नव्हते.

त्या दिवशीचा शब्द होता 'टॉलरेबल'.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला आणि नेहमीसारखे विचारले, "काय दादा, बरंय ना?"

"झकास," खिडकीजवळच्या खुर्चीतून दादा म्हणाला. "पाठ जरा कुरकुरते. सोसण्याजोगं आहे."

दादा त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. दोघांचीही लग्ने राहून गेली होती. आधी आईच्या आजारपणामुळे आणि मग कुणी विचारलेच नाही म्हणून. दादाने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर रिकामा बसून त्याचा जीव जायला लागला, तेव्हा बाईंनी त्याला एक जुने पुस्तक आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून दिला. मशीनची इंग्रजी पुस्तके वाचून वाचून त्याला अक्षरांची भीती उरली नव्हती. "अर्थबिर्थ तू लाव," तो म्हणाला होता, "मी शब्द पकडून देतो." आणि त्याने खरेच शब्द पकडून दिले, उंदीर पकडावेत तसे, रोज पाच-सहा.

"तुझा टॉलरेबल लावला आज," बाई कप पुढे करत म्हणाल्या. "मजेशीर आहे बघ. पहिल्यांदा हा शब्द दुखण्याला लावायचे. शिक्षा, जखम, थंडी. जेमतेम सोसता येतं ते. मग धर्मवाले आणि कायदेवाले आले. त्यांनी जे खपवून घेता येतं त्याला लावला. तो अर्थ पुढे मेला. मग प्रवाशांनी पळवला. खाणावळ टॉलरेबल, रस्ता टॉलरेबल. म्हणजे ठीकठाक, चालून जाईल."

"आणि माणसांना?"

"पत्रांत आहे ना. तूच पाठवल्यास त्या चिठ्ठ्या. 'मी टॉलरेबल आहे, काळजी नसावी.' म्हणजे प्रकृती बऱ्यापैकी. कसं झालं असेल सांगू? लोकांना सवयच लागली. कितीही दुखलं तरी विचारणाऱ्याला 'सोसतंय' म्हणायचं. ऐकणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. असं शंभर-दीडशे वर्षं म्हणता म्हणता शब्दातलं दुखणंच निघून गेलं."

दादा कपाकडे बघत हसला. "म्हणजे शब्द बरा झाला. आणि ती माणसं?"

"माणसांचं मला काय ठाऊक? चिठ्ठीवर नाही ते."

दादाने मान हलवली आणि बशीतला चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी नवेच काम काढले. खंड छापायला जायच्या आधी प्रस्तावनेत वाचकांचे आभार मानायचे होते. कुणी कधीपासून कधीपर्यंत वाचले, त्याची यादी हवी होती.

"तुमच्या दादांपासूनच सुरू करा बाई. सगळ्यांत जास्त त्यांच्याच आहेत."

बाईंनी दोन दिवस एकेक खण ओढून दादाच्या चिठ्ठ्या वेचून काढल्या. अडीच हजारांच्या वर निघाल्या. दादाचे अक्षर ओळखायला त्यांना सही बघावी लागत नसे. लिफ्टच्या नोंदवहीत लिहायचा तसे सुटे, उभे, टाचा जुळवून उभे राहिलेले अक्षर. आजवर या चिठ्ठ्या पुस्तकांच्या सालांप्रमाणे विखुरलेल्या होत्या. एक या शतकात, दुसरी त्या शतकात. आता पहिल्यांदाच त्या कोपऱ्यातल्या तारखेप्रमाणे एकीशेजारी एक आल्या.

जुलैच्या मध्यापर्यंत अक्षर सरळ होते. अठरा तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शब्द ओळीखाली घसरला होता. घसरला असेल, बाईंनी मनाशी म्हटले. पुढच्या आठवड्यातही तो घसरत होता. सप्टेंबरात अक्षरे मोठी आणि वाकडी झाली. ऑक्टोबरात शाई मधूनच फिकी पडत होती, तुटत होती. बाईंनी चिठ्ठी तिरपी धरून पाहिली. बॉलपेन उलटे धरले, की असे होते. म्हणजे उताणे पडून, चिठ्ठी डोक्यावर धरून लिहिलेले. डिसेंबरातल्या एका चिठ्ठीवर पूर्णविरामाच्या जागी भोक होते. पेन जाड कागदातून आरपार गेले होते.

आणि चिठ्ठ्या कमी होत नव्हत्या, वाढत होत्या. रोजच्या पाच-सहाच्या जागी बारा, पंधरा. जानेवारीच्या नऊ तारखेला एका दिवसात बावीस. ती तारीख बाईंना आठवत होती, कारण त्या दिवशी कचेरीत चहापान होते आणि त्या उशिरा घरी गेल्या होत्या. दारातच त्यांनी विचारले होते, "बरंय ना?" आणि दादा म्हणाला होता, "मला काय धाड भरलीय?"

कुठल्या कोण वाचकाच्या अक्षरावरून त्याला चष्मा लागला हे सांगणाऱ्या बाई. संपादक पाहुण्यांपुढे कौतुकाने तो किस्सा सांगत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"झाली यादी?" संपादकांनी विचारले.

"नाही." बाई उठल्या. त्यांनी त्यांतल्या मोजक्या चिठ्ठ्या रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये टाकल्या. एकतीस वर्षांत एक चिठ्ठी या खोलीबाहेर गेली नव्हती. संपादक तोंड उघडे टाकून बघत राहिले.

"अहो बाई, आणि टॉलरेबल? अर्धवट ठेवून?"

"पंखा लावा खुशाल," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

भर दुपारी त्या कधी घरी गेल्या नव्हत्या. कुलपात किल्ली फिरवताना आतून आवाज आला. आधी त्यांना वाटले शेजारचे मशीन चालू आहे. दार ढकलले तर दादा खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून, कपाळ टेकवून उभा होता, आणि तो आवाज त्याच्या घशातून येत होता. दार वाजले तसा आवाज थांबला. दादा वळला. वळेपर्यंत त्याने चेहऱ्यावर हसू आणलेसुद्धा.

"धाकटे? आज लवकर? कचेरी बुडाली की काय?"

बाईंनी रुमाल टेबलावर सोडला. "अठरा जुलैला काय झालं?"

"कसलं अठरा जुलै?"

"दादा, मी तुझ्या पाया पडते. आता थट्टा नको. हे बघ. हे उताणं पडून लिहिलंयस. आणि हे भोक. ह्या दिवशी बावीस. सात महिने. सात महिने माझ्या समोर बसून तू माझ्याशी खोटं बोललास."

दादाने ती भोकाची चिठ्ठी बोटाने बाजूला सारली. मग हळूच, खुर्चीचे दोन्ही हात धरून, टप्प्याटप्प्याने खाली बसला. तो असाच बसत असे. बाईंनी ते रोज पाहिले होते.

"मोरीत वाकलो आणि उठता येईना. तेव्हापासून," तो म्हणाला. "लिहीत बसलं की जरा विसरायला होतं. म्हणून लिहायचो."

"मग सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तू उद्याच्या उद्या रजा टाकली असतीस. ओळखत नाही का मी तुला? आईच्या वेळी कॉलेज सोडलंस, चार वर्षं तिच्या उशाशी घालवलीस. आता कुठं तुझा टी पुरा होत आलाय. म्हटलं, होऊ दे."

"खड्ड्यात गेला तो टी!" बाई रडायला लागल्या. राग, लाज, भीती, सगळे एकदमच आले. "मी रोज विचारत होते तुला. रोज!"

"विचारत होतीस," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागले. "'बरंय ना' असं विचारायचीस. त्यातला तो 'ना' ऐकला की माणसाला दुसरं काही सांगवत नाही गं."

ते खरे होते. त्यांना 'हो'च हवे होते. खुर्चीत उश्या वाढलेल्या दिसत होत्या, पलंगावरची चादर सकाळी न चुरगळलेली आणि जमिनीवर सतरंजी पसरलेली दिसत होती. विचारले तर आईसारखे सगळे पुन्हा सुरू होईल, ही भीती त्यांच्याही मनात होती. 'चिठ्ठीवर असेल तेच खरे' हा नियम तर केवळ सोयीचा झाला होता. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही. सोंग घरात दोघांनी घेतले होते.

त्याच दिवशी त्यांनी टॅक्सी केली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला दादा डोळे मिटत होता आणि आता ते लपवत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये फोटो काढले, रक्त घेतले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरले. मुलीच्या वयाच्या होत्या, पण बोलणे शांत होते.

"कधीपासून आहे हे?"

दादाने सवयीने म्हटले, "झाले असतील थोडे—"

"अठरा जुलै," बाई म्हणाल्या. "सप्टेंबरात वाढलं. ऑक्टोबरपासून बसून लिहिता येत नाही. नऊ जानेवारीला सगळ्यात जास्त होतं."

डॉक्टरीणबाईंनी आश्चर्याने वर पाहिले. "असं नीट कुणी सांगत नाही. वेळेवर आला असतात तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले. मणक्यात कॅन्सरच्या गाठी होत्या आणि मूळ दुसरीकडे होते. बरे करण्याची वेळ निघून गेली होती. "काही महिने असतील. खोटं बोलत नाही. पण दुखणं आम्ही पुष्कळ कमी करू शकतो. फक्त ह्यांनी खरं सांगायला हवं. त्यावर औषध किती द्यायचं ते ठरतं."

त्या दादाच्या पलंगावर वाकल्या. "आजोबा, आत्ता दुखतंय? सोसवतंय?"

दादाने ओठ ओले केले आणि बाईंकडे पाहिले. त्या नजरेतले बाईंनी सगळे वाचले. तो अजूनही त्यांचाच विचार करत होता, कोणते उत्तर हिला झेपेल याचा. त्यांनी खुर्ची वळवली, त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"नाही," मागून दादाचा आवाज आला. "नाही हो सोसवत. अजिबात नाही सोसवत."

मग तो रडला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्याचे रडणे ऐकले, मोठ्याने, लहान पोरासारखे, आणि त्या भिंतीकडे बघत राहिल्या. हे ऐकायला आपण सात महिने घाबरलो, एवढेच त्यांच्या मनात येत होते.

नर्सने सुई दिली. दहा मिनिटांनी हुंदके थांबले, मग श्वास लांब झाला. बाईंनी खुर्ची सरळ करून घेतली.

दादाची डावी मूठ चादरीवर होती. बघता बघता तिचे एकेक बोट सैल झाले आणि तळहात उघडा पडला. तळव्यावर नखांच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. मूठ उघडली तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आले, की इतके महिने ती बहुतेक वेळ मिटलेलीच असे. त्यांनी आपला हात त्या तळव्यात अलगद ठेवला. दादा झोपला होता.