निळ्या कापडाने बांधलेलं बॉनेट

धाकटीने गाडीच्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवले, टाचा उचलल्या आणि अंगातला सगळा भार टाकला. डावा कोपरा खाली गेला. उजवा वर आला.

"वन्सं, उशी नाही ती," मागून वहिनी म्हणाली. "चेपून बसवलेलं टिकत नसतं. ना पत्रा, ना माणूस."

एरवी वहिनी तिला 'अगं' म्हणायची. 'वन्सं' निघालं की समजावं, आता चिमटा येणार.

गॅरेज वहिनीचं. दादा बोटीवर नोकरीला गेला तेव्हापासून ठोकाठोक, रंग, गिऱ्हाईक सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. नणंद, म्हणजे धाकटी, भिंतीपलीकडे शिवणयंत्र घेऊन बसायची. दोघींच्या मधे एक भिंत आणि वर्षानुवर्षांची धुसफूस. आज धाकटी भिंतीच्या अलीकडे आली होती, कारण वहिनीचा प्लॅस्टर घातलेला उजवा हात गळ्यात होता.

तो कसा गळ्यात आला, हे दोघींना ठाऊक होतं आणि दोघी बोलत नव्हत्या.

गेल्या आठवड्यात त्या याच गाडीतून बाजारातून येत होत्या. चालवत होती धाकटी. दादाच्या शर्टासाठी घेतलेल्या निळ्या कापडावरून जुंपली होती. वहिनी म्हणत होती, निळा त्यांना आवडत नाही. धाकटी म्हणत होती, माझ्या भावाची आवड मला कुणी शिकवू नये. एवढ्यात पुढचा विटांचा ट्रक थांबला आणि वाद तिथेच मिटला. गाडीचं नाक चेपलं, बॉनेटचा तंबू झाला. धाकटीला मात्र ओरखडाही नाही. कुणाला काही कळायच्या आत वहिनीचा हात आडवा येऊन तिच्या पुढ्यात उभा राहिला होता. स्टिअरिंग तिच्याऐवजी त्या मनगटाला लागलं.

निळं कापड धाकटीने तिथेच टराटरा फाडलं. एका पट्टीने बॉनेट बंपरला बांधलं, उरलेल्याची झोळी करून वहिनीच्या गळ्यात घातली. तेव्हापासून धाकटीला वहिनीजवळ एक गोष्ट कबूल करायची होती. ओठांवर यायची आणि परत फिरायची.

आणि उद्या दादा येणार. त्याला स्टेशनवरून आणायचं. वहिनीला गाडी चालवता येईना, आणि धाकटीने तर पुन्हा स्टिअरिंगला शिवायचं नाही, असं स्वतःला बजावलेलं.

"टॅक्सी करू," ती म्हणाली.

"आधी हे बसव. मग टॅक्सी कर नाहीतर पालखी."

शेजारच्या वर्कशॉपवाल्याने साखळी लावून गाडीचं नाक ओढून दिलं होतं. पत्रा वहिनीने डाव्या हाताने कसाबसा ठोकून सरळ केला होता. आता उरलं होतं ते बसवणं, आणि त्याला दोन धड हात लागतात.

"कुलूप काढून ठेव. ते असलं की बॉनेट आपल्याकडे ओढतं आणि नीट बसलंय असं खोटं बोलतं." धाकटीने पुढचं कुलूप काढलं. "आता बिजागरीचे बोल्ट सैल कर. सैल म्हणजे सैल, काढू नकोस."

"कच्चा टाका."

"काय?"

"आम्ही आधी कच्चा टाका घालतो. जागेवर बसलं की पक्की शिलाई."

वहिनीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तेच. मग इतकी वर्षं भिंतीपलीकडे काय करत होतीस?"

धाकटीने आपल्या खडूने बिजागरीची जुनी जागा आखून घेतली. बॉनेट हलकेच खाली आणलं. काचेजवळ डावीकडे बोट जाईल एवढी फट, उजवीकडे पत्र्याला पत्रा घासत होता.

"कुठून धरू?"

"जे हललं नाही तिथून. दार जागेवर आहे ना? दारावरून मडगार्ड बघ, मडगार्डवरून बॉनेट."

धाकटीने कॉलरमध्ये घालायच्या बकरमची पट्टी आणली, घडी घालून जाड केली आणि फट मापायला आत सरकवली. बॉनेट केसभर डावीकडे, पुन्हा पट्टी. जरा मागे, पुन्हा पट्टी. वहिनी स्टुलावर बसून गुणगुणायला लागली. गाणं कुठलं नव्हतंच, जुळत गेलं तसं म्हणत होती:

*बाई वाकडं बॉनेट, घाव घेतं पुढं होत*
*मागं बसल्या जिवाला ओरखडा ना लागू देत*

धाकटीचा पाना थांबला. डोळे पुसावेत तर हात काळे. तिने खांद्याला नाक पुसलं आणि बोल्ट आवळला.

पट्टी दोन्हीकडे सारखी सरकली, तेव्हा पुढचे रबरी गुटके फिरवून तिने उंची जुळवली. कुलूप शेवटी लावलं. बॉनेट वीतभर उंचीवरून सोडलं.

ठक्.

एकच आवाज. तिने ओढून पाहिलं, हललं नाही.

वहिनी उठली, शेजारच्या सीटचं दार उघडून आत बसली आणि डाव्या हाताने पट्टा ओढायला लागली.

"तुम्ही बसणार? माझ्याशेजारी?"

"मग काय टपावर बसू? फिरवून बघायला नको?"

काही न विचारता, काही न आठवता ती बसली होती. धाकटीने तिचा पट्टा लावला, मग आपला. किल्ली फिरवली. समोर बॉनेट इस्त्री केल्यासारखं पसरलं होतं. गाडी गल्लीत आली, सरळ गेली, कोपऱ्यावर वळली. तिथे भाजीची हातगाडी आडवी आली. धाकटीने ब्रेक दाबला. गाडी सावकाश, वेळेत थांबली.

पण निळ्या झोळीसकट वहिनीचा हात तिच्या पुढ्यात आडवा आला होता.

दोघी त्या हाताकडे बघत राहिल्या.

"वहिनी, तो मोडलाय."

"त्याला कुठं कळतंय."

धाकटीने तो हात अलगद उचलला, दोन्ही हातांत क्षणभर तसाच धरून ठेवला आणि परत वहिनीच्या मांडीवर ठेवला. झोळीची गाठ सुटत आली होती. ती तिने पुन्हा बांधली, या वेळी नीट, शिवणाऱ्या बोटांनी.

"दादाला निळा आवडत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून नाही आवडत."

"ठाऊक आहे मला."

हातगाडी निघून गेली. वहिनीने झोळीवरची सुरकुती डाव्या हाताने सारखी केली.

"उद्या आवडेल," ती म्हणाली. "चल, वन्सं. स्टेशनचा रस्ता आजच बघून ठेवू."