वाचनालयाच्या संगणकाची राखण

परमेश्वर चराचरात भरलेला आहे, ही गोष्ट ऋषिमुनींनी तपश्चर्या करून सांगितली. आमच्या गावाने ती प्रात्यक्षिकासह सिद्ध केली. चराचरापैकी अचर वस्तू म्हणून आम्ही सार्वजनिक वाचनालयातला संगणक निवडला होता.

त्या रविवारी वाचनालयासमोर एवढी गर्दी जमली की वाचनालयच गांगरलं असावं. स्थापनेपासून त्याने एका वेळी इतकी माणसं पाहिली नव्हती. आंब्याचा हंगाम नुकताच संपला होता, त्यामुळे गावाकडे वेळ होता. जांभ्याच्या गडग्यावर माणसं ओळीने बसली होती. मुंबईचे चाकरमानी व्हिडिओ कॉलवरून हजर होते. संगणक त्यांच्याच मंडळाने ‘सप्रेम भेट’ दिलेला होता. मुंबईच्या एका ऑफिसने टाकून दिला, मंडळाने उचलला, पितळी पाटी लावली आणि गावी पाठवला. पाटी अजून चकाकते.

आत, साडीचा पडदा लावून, चिपळूणचे अजिंक्य महाराज संगणकाजवळ एकटेच बसले होते. महाराज चाळिशीचे. भगवा टी-शर्ट, नीट कातरलेली दाढी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. आत जाण्यापूर्वी त्यांनी निदान सांगितलं होतं.

“हा यंत्रदोष नाही, स्थानदोष आहे. तुम्ही राखणदाराच्या वाटेवर खोली बांधलीत. आता प्रत्येक फाइल त्याला विचारून उघडते.”

“खरां हाय,” गर्दीतून कुणी म्हणालं. “काय उघडायला गेलं की मधी गोल गोल फिरायचं.”

“तो फेरा,” महाराज म्हणाले. “राखणदार फेरा मारतो.”

लोकांच्या अंगावर काटा आला. गेली कित्येक वर्षं पडद्यावर राखणदार फिरताना आपण डोळ्यांनी पाहत होतो आणि ओळखला नाही, याची सगळ्यांना खंत वाटली.

परगावच्या वाचकासाठी सांगतो. कोकणात जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण वर्षातून एकदा त्याला नारळ, कोंबडा जे काही ठरलं असेल ते द्यावं लागतं. त्याला राखण देणं म्हणतात. नाही दिली तर बागेत मोहोर गळतो, म्हैस आटते, पोरगं नापास होतं. या यादीत संगणकाची भर आमच्या गावाने घातली.

वास्तविक संगणकाचं दुखणं साधं होतं आणि ते आम्हाला माहीत होतं. वाचनालयाची ग्रंथपाल करुणा हिने कार्यकारिणीला ते तीन सभांत सांगितलं होतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावर इकडून तिकडे धावत माहिती शोधते. आमची तबकडी म्हातारी झाली होती. तिच्या जागी एसएसडी लावली, जिच्यात काहीच फिरत नाही, तर तोच संगणक धावू लागेल. जुनी डिस्क फेकायची नाही. तिच्यातलं सगळं आधी नवीवर उतरवून घ्यायचं. एवढंच.

अध्यक्ष धोंडूशेठ हे मोठे बागायतदार. मनुष्य सज्जन. ते म्हणाले, “करुणा, तू सांगतेस ते बरोबर असेल. पण वस्तू घ्यायची तर नियमाने तीन दुकानांची दरपत्रकं लागतात.”

जवळच्या पावस गावात दुकान एकच. रत्नागिरीतल्या दुकानाने ‘एवढ्यासाठी दरपत्रक कसलं’ म्हणून फोन ठेवला. ठराव पुढे ढकलला गेला, मग पुन्हा पुढे ढकलला गेला. राखणीला मात्र दरपत्रक लागत नाही, कारण राखणदार एकच असतो. तो ठराव एका बैठकीत झाला. मी रत्नागिरीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि कार्यकारिणीवर आहे. मी विरोध केला. इतिवृत्तात त्याची नोंद ‘चर्चा झाली’ अशी आहे.

करुणाला घाई का होती, तेही सांगितलं पाहिजे. तिची आजी जाईबाई, बौद्धवाडीतली, पंच्याऐंशीच्या पुढची. जाईबाई गाणी रचायची. शाळा पाहिली नव्हती, पण भातलावणीच्या चिखलात उभी राहून ओवीवर ओवी बांधायची. त्यातलं एक दीक्षेच्या वर्षाचं होतं: घरातले देव टोपलीत घालून बापाने खाडीत सोडले, टोपली रिकामी झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टोपलीतून धाकट्या भावाची पाटी शाळेत गेली. करुणाने बरीच वर्षं ती गाणी मोबाइलवर टिपली आणि मोबाइल भरला की वाचनालयाच्या संगणकात हलवली. घरी दुसरा संगणक नव्हता.

मग गेल्या थंडीत जाईबाईला झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. रत्नागिरीला जी बाई वाचेचे उपचार करते, तिने करुणाला सांगितलं, की कधी कधी बोलणं जातं पण गाणं आत राहतं. तिला तिचीच गाणी रोज ऐकवा, चालीला धरून शब्द येऊ शकतील. करुणाने आजीला एका रविवारी वाचनालयात आणलं. संगणकाने एक गाणं उघडायला इतका वेळ घेतला की जाईबाईला डुलकी लागली. पण गाणं लागलं तेव्हा ती जागी झाली आणि तिचे ओठ हलले. शेवटच्या ओळीला “टोपली” असा अर्धामुर्धा शब्द बाहेर आला. मी तिथे होतो. मी आयुष्यात पाहिलेला चमत्कार हाच, आणि त्याला गर्दी नव्हती.

गाणी पेनड्राइव्हवर घ्यायला गेलं की हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन झोपायची आणि संगणक बंद पडायचा. म्हणून घाई.

महाराज येणार म्हटल्यावर करुणा मला म्हणाली होती, “सर, हे काय करतील?” मी म्हटलं, गाऱ्हाणं घालतील, नारळ फोडतील. नारळाने फाइल पुसली जात नाही. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे विधान आजही बरोबर आहे.

तर, शेवटी धोंडूशेठ तेवढे एकदा आत जाऊन आले आणि मग पडदा सरला. महाराज घामाघूम होते. संगणकाच्या डब्याला लाल दोरा सात वेढे बांधलेला, वर बुक्का. त्यांनी धोंडूशेठना बटण दाबायला सांगितलं. पूर्वी बटण दाबून माणूस डेअरीत दूध घालून परत यायचा. आता धोंडूशेठनी बटण दाबलं, हात जोडायला उचलले, आणि ते जुळायच्या आत पडदा उजळला. गोल फिरलंच नाही.

गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. मुंबईच्या एका चाकरमान्याने फोनवरच नमस्कार केला, त्यामुळे बराच वेळ आम्हाला त्याचं छत दिसत राहिलं.

महाराजांनी धोंडूशेठच्या हाती लाल फडक्याची पुरचुंडी दिली. दोष यात उतरवला आहे, ओहोटीबरोबर खाडीच्या मुखाशी सोडायचा आणि मागे वळून न बघता परत यायचं. होडी तयारच होती. धोंडूशेठ निघाले, महाराजही चहा घेऊन चिपळूणला निघाले.

त्यानंतर ग्रंथपालाला आत जायची परवानगी मिळाली. करुणा खुर्चीवर बसली. पडद्यावर निळं, कोरं, सुंदर चित्र होतं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, “सर, हे आपलं नाही. हे नवीन आहे.”

तिने टेबलावरचं पुस्तकांचं पाकीट कापायचं ब्लेड घेतलं आणि दोरा कापला. लोक ओरडले नाहीत. एकदम मागे सरकले. मी स्क्रू काढले. झाकण निघालं. हार्ड डिस्कची खाच रिकामी होती. धुळीत तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला होता. बाजूला, दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेली, पत्त्यांच्या कॅटाएवढी एसएसडी. जुन्याच वायरी तिला जोडलेल्या. तिच्यावर चिमूटभर भस्म.

मी वळून लोकांना सगळं समजावलं. वाचनालयाचंच उदाहरण घेतलं. जुनी डिस्क म्हणजे पुस्तक मागितलं की कपाटं धुंडाळत फिरणारा म्हातारा शिपाई. नवी म्हणजे सगळी पुस्तकं हाताशी उघडी ठेवलेलं टेबल. जुन्यात तबकडी फिरते, नव्यात काहीच फिरत नाही, म्हणून वेळ लागत नाही. ही वस्तू बाजारात मिळते. महाराजांनी ती आणली, बसवली, कोरी प्रणाली टाकली, आणि जुनी डिस्क काढून नेली. वर्गात इतकं स्पष्ट मी क्वचितच शिकवलं असेल.

सावित्रीवहिनी, वाचनालयाच्या खजिनदार, लक्ष देऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे फिरणारं काढून टाकलं.”

“हो.”

“मग म्हाराज तेच तर म्हणाले, फेरा थांबवला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. शास्त्र आणि धर्म यांत विरोध नाही, असं ठरून गर्दी पांगली.

करुणा मात्र खाडीकडे पळाली. आम्ही पोचलो तेव्हा होडी धक्क्याला लागत होती. धोंडूशेठ प्रसन्न होते. करुणाने विचारलं, कुठे सोडलं? त्यांनी मुखाच्या दिशेने हात केला.

“नेमकं कुठे, शेठ? खुणेचं काही?”

“मागे बघायचं नव्हतं ना बाळा,” धोंडूशेठ म्हणाले. “म्हणून जातानाच डोळे मिटले होते.”

एक आशा होती. भोंदू माणसं कामाची वस्तू पाण्यात टाकत नाहीत. पुरचुंडीत दगड असणार आणि डिस्क चिपळूणला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चिपळूणला गेलो.

महाराजांचं घर म्हणजे पूर्वीचं दुकान. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती आणि तिच्या वर ‘संगणक व मोबाइल दुरुस्ती’ ही अक्षरं रंगाखालून वाचता येत होती. महाराज लुंगीवर होते. मी पोलिसांचं, कायद्याचं नाव घेतलं. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या.

“सर, बसा. तुम्ही शिकलेले, तुमच्याशी खोटं काय बोलायचं. पुरात दुकान गेलं, तोवर दहा वर्षं मी हेच सांगत होतो, एसएसडी टाका, मशीन पळेल. एक माणूस टाकत नव्हता. म्हणायचे, घरी विचारून सांगतो. आता नारळ ठेवून टाकतो, तर गाडी पाठवतात न्यायला.”

“माझी डिस्क द्या,” करुणा म्हणाली.

ते आत गेले आणि खोकं घेऊन आले. खोक्यात जुन्या डिस्का होत्या, प्रत्येकीवर पट्टी: मंडणगड पतपेढी, कुठलीशी शाळा, एक नारळाची वखार. एकही टाकलेली नव्हती. कधी कुणी मागायला आलं तर असावी म्हणून ठेवतो, असं ते म्हणाले. दुरुस्तीवाल्याची सवय सुटली नव्हती. करुणा खाली बसून एकेक बघत गेली. तळ लागला. मग तिने पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतलं.

“तुमची नाही त्यात, ताई,” महाराज म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. “बाकी ठिकाणी मी फडक्यात जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा बांधून देतो. तुमचे शेठ पडद्याआड आले. म्हणाले, दोष माझ्या डोळ्यांदेखत बांधा, गावाची जबाबदारी आहे. मी म्हटलं गरज नाही. ते ऐकेनात. श्रद्धाळू माणूस. त्यांच्या पुढ्यात चिरा कसा बांधणार? डिस्कच बांधली.”

एवढ्या खटपटीत फसवणूक न होता पार पडलेला विधी तो एकच.

करुणाने विचारलं, आतलं काही उतरवून घेतलं होतं का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. डिस्क मरायला टेकली होती, तासाभरात झालं नसतं, बाहेर गर्दी होती. मग तेच म्हणाले, की समुद्रातून काढली तरी एखादी मोठी प्रयोगशाळा काही वाचवू शकेल. पण आधी ती सापडायला हवी.

मी खडसावून विचारलं, की गावात आता लोक म्हणतायत, ज्याने यंत्राची वाचा मोकळी केली त्याच्याकडे जाईबाईला न्या. तुम्ही माणसांवरही उपाय करता काय? ते दचकले.

“नाही ओ सर. माणसात बदलायला पार्ट मिळत नाही.”

मी हे वाक्य गावात जसंच्या तसं सांगितलं. त्यातून लोकांना महाराजांची विनम्रता तेवढी कळली. बौद्धवाडीतली माणसं तेवढी हसली नाहीत की चिडली नाहीत. आपल्या वाडीतून दोन होड्या घेऊन ती मुखाशी गळ आणि जाळी टाकून आली. वर शेवाळ आलं, एक चप्पल आली. पावसाळा तोंडावर होता, पुढे होड्या ओढून घेतल्या.

पोलिसांत तक्रार द्यायला गेलो. हवालदार समंजस होता. त्याने विचारलं, वस्तू कोणी टाकली? अध्यक्षांनी. कोणाच्या ठरावाने? कार्यकारिणीच्या. तुम्ही कार्यकारिणीवर आहात? मी हो म्हटलं. यंत्र बिघडलं काय? नाही, सुधारलं. त्याने पेन खाली ठेवलं.

जाईबाई ओसरीवर बसते. करुणा तिच्यासमोर बसून आठवतील तेवढ्या ओळी स्वतः म्हणते. करुणाला चाल येत नाही. आजी तिच्या तोंडाकडे पाहते, मध्येच बोट उचलते, म्हणजे चुकलं. पण काय चुकलं ते तिला सांगता येत नाही.

अशा लेखाच्या शेवटी विवेकाचं आवाहन करायची पद्धत आहे, तर करतो. गोल फिरणारं चिन्ह हा राखणदार नाही. संगणक मंद झाला असेल तर डिस्क बदला. कुठलाही माणूस ती अर्ध्या तासात बदलतो, त्याला पडदा लागत नाही. आणि जो पडदा लावायला सांगेल, त्याला आधी विचारा की आतलं उतरवून घेतलंस का. हे मी सभेतही सांगितलं. टाळ्या झाल्या. त्यानंतर धोंडूशेठनी महाराजांच्या सत्काराचा ठराव मांडला आणि तो माझं एक मत वगळता संमत झाला.

संगणक आता फार वेगाने सुरू होतो. त्यात काही नाही.