स्टँडर्डची शेवटची कुपी

धुळ्यातल्या त्या खासगी प्रयोगशाळेत सबा सहा वर्षं पाणी मोजत होती. पाणी मूळचं कुठलं, हे ओळखणं तिचं काम. तलावात उन्हात पडून राहिलेल्या पाण्यातला हलका अंश आधी उडतो, जड मागे राहतो. मग ते पाणी जमिनीखालून लांब गेलं तरी त्या जडपणावरून ओळखू येतं.

दोंडाईच्याकडच्या एका गावाची तक्रार होती, की कारखान्याच्या सांडपाण्याचा तलाव विहिरींत झिरपतो. तहसीलदारांनी तपासणी मागवली. पाच विहिरींच्या सीलबंद बाटल्यांसोबत, त्यांतल्या एका विहिरीच्या मालकीण पुष्पाबाई स्वतः एसटीने आल्या.

“मनी विहिरमा तलावनं पाणी येस का नही, तेवढं सांग,” त्या म्हणाल्या. “जे शे ते सांग. मन राखू नको.”

आकडे आले. पाचही विहिरींचं पाणी हलकं. मार्चमध्ये मोजलेल्या तलावाच्या पाण्याशी एकही जुळेना. प्रयोगशाळेचे प्रमुख योगेंद्र सर यांनी अहवाल छापून सहीला पाठवला.

सही करण्याआधी सबाने स्टँडर्डची बाटली तराजूवर ठेवली. स्टँडर्ड म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेलं पाणी. यंत्र बाकीचं पाणी त्याच्यावरून मोजतं. वापरलेलं पाणी धरूनही वजन, वजनाच्या वहीतल्या नोंदीपेक्षा बरंच कमी भरलं. झाकणाचा वॉशर चिरला होता. म्हणजे मार्चनंतर स्टँडर्डच उडून उडून जड झालं होतं, आणि त्याच्यापुढे प्रत्येक विहीर हलकी ठरत होती.

ती सरांकडे गेली. “सर, हे आकडे चुकीचे आहेत. कपाटातली परदेशी स्टँडर्डची सीलबंद कुपी फोडून पुन्हा मोजावं लागेल.”

“ती मान्यतेच्या तपासणीसाठी राखलीय. शेवटची आहे. अहवाल उद्या जायचाय, सही कर.”

“नाही करणार.”

“मग तुझ्याजागी जितेंद्र करेल.”

“करू दे. वजनाच्या वहीचं पान मी अहवालाला जोडते.”

सबाने जागेवर येऊन कपाट उघडलं. स्टँडर्डची किल्ली तिच्याचकडे असायची. कुपीची मान टक्‌कन तुटली. नवं पाणी यंत्राला लावून तिने विहिरींचे नमुने आणि तलावाचा राखून ठेवलेला नमुना, सगळं पहिल्यापासून मोजलं. संध्याकाळपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

तीन विहिरींत तलावाचं पाणी होतं. पुष्पाबाईंच्या विहिरीत नव्हतं.

नवा अहवाल तहसीलदारांकडे पोचल्यावर तिने फोन केला. पुष्पाबाईंनी त्या तीन विहिरी कोणकोणत्या ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “गावमा बठ्ठासले सांगस, मनी विहिरवरथून पाणी भरा.”

त्या अहवालावर एकट्या सबाचीच सही होती; सरांनी आपली जागा कोरी ठेवली होती. आठवड्याने तिला नमुने नोंदवायच्या खिडकीवर बसवलं आणि हातात कागद दिला : राखीव कुपी विनापरवानगी फोडल्याबद्दल लेखी खुलासा करावा.

तिने खिडकीवरच पेन उघडलं आणि लिहिलं, ‘कुपी मी फोडली. ती बरोबर मोजण्यासाठीच मागवलेली होती. तशी वेळ आली तर पुन्हा फोडेन.’ खाली पूर्ण नाव लिहून तारीख घातली, आणि कागद शिपायाकडे न देता स्वतः सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.